वसुधाताईंचा कागदी चंद्र

आज तिथी कोणती, असं सहज विचारलं तरी वसुधाताई फोनकडे बघत नाहीत. पर्समधून पुठ्ठ्याची चकती काढून फिरवतात. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात खगोलाची अशी पुस्तकं निघत, ज्यांच्या पानांवर दोऱ्याने ओवलेल्या कागदी चकत्या असत. चकती फिरवली की सूर्य सरके, चंद्राची कोर वाढे. ताई इथे परदेशात, वेस्टमीडला एका लॅबमध्ये असतात. शिफ्ट संपवून केलीव्हिलला, आमच्या शेजारच्या घरी आल्या, की त्या पुस्तकांची पानं नेटवरच्या स्कॅनवरून उतरवतात आणि नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांमधून चकत्या कापत बसतात.

"स्कॅनमध्ये चंद्र मेलेला असतो रे. फिरला तर पुस्तक, नाहीतर रद्दी!"

एकदा तर आमचे कॉर्नफ्लेक्स पातेल्यात ओतून खोकं घेऊन गेल्या.

लॉकडाउनमध्ये मीच गळ घातली, "ताई, गल्लीतल्या मराठी मुलांना झूमवर शिकवा ना." पहिल्या वर्गाच्या संध्याकाळी त्या चक्क साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसल्या. चकती फिरवून म्हणाल्या, "बघा, आज अष्टमी. अर्धा चंद्र, उजवी बाजू उजळ. आकाशात हुबेहूब असाच."

माझी लेक इरा खिडकीशी गेली. "नो, मावशी! लेफ्ट साइड आहे. युअर मून इज राँग!"

सगळी पोरं आपापल्या खिडक्यांकडे धावली. लेफ्ट, लेफ्ट असा एकच गलका. ताई उठून मागच्या दारी गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा पार उतरला होता. "सॉरी हं, मुलांनो," एवढंच म्हणाल्या आणि स्क्रीन काळी झाली. पुस्तक उत्तर गोलार्धातलं. आम्ही दक्षिण गोलार्धात, इथे चंद्र उलटा दिसतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन दिवस त्यांचे पडदे बंद. शेवटी मास्क लावून इडल्यांचा डबा घेऊन गेलो.

"अहो ताई, पुस्तक तिकडचं. तुमची काय चूक?"

"पुस्तकाचं नाही रे." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "पुण्याला आईला आता दिसत नाही. सीमा बंद, मला जाता येत नाही. रोज फोनवर विचारते, आज चंद्र कसा आहे गं? मी सोफ्यावर बसून चकती फिरवते आणि सांगते. इतकी वर्षं इथे राहतेय, पण मान वर करून कधी बघितलंच नाही."

"मग काय झालं? आईंना पुण्याचा चंद्र तर बरोबर कळला!" मी हसलो.

त्या हसल्या नाहीत. "तिला वाटतं, मी बघून सांगते."

डबा पायरीवर ठेवून मी परतलो.

संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढायला मागे गेलो, तर कुंपणापलीकडे ताई फोनवर बोलत होत्या.

"आई, आजवर न बघताच सांगत होते गं मी... हो, आज अंगणात आलेय. डावीकडून भरत आलाय, उजवी कड तेवढी उणी आहे."

मग पलीकडून आईंनी काही विचारलं असावं.

"नाही गं, सोबत कोण असणार? एकटीच आहे."