वाघमारेबाईंचे बिनबोलावलेले पाहुणे

वाघमारेबाईंकडे गप्पा मारायला जायचं, तर मोबाईल आधी कुकरमध्ये ठेवावा लागतो. चेष्टा नाही. दारात चपला काढायच्या आणि फोन बाईंच्या हातात द्यायचा. बाई तो पाच लिटरच्या कुकरमध्ये ठेवतात, झाकण लावतात, वर शिट्टीसुद्धा बसवतात आणि मग म्हणतात, "हं, बोला आता." पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं वय झालं. त्याला दोन वर्षं झाली. आता माझ्या घरी कुकरची शिट्टी वाजली की माझा हात आपोआप खिशाकडे जातो.

केडगावात बाईंचं घर आमच्या भिंतीला लागून. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर आणि एकच खुर्ची. दुसरा माणूस आला तर तो पलंगावर बसतो. मी नगरच्या एका कॉलेजात क्लार्क आहे, पण कॉलेजात जातो एवढ्यावर सगळी गल्ली मला 'सर' म्हणते. बाई मात्र 'ओ जाधव' म्हणतात. त्यांच्या ऑफिसात सगळे एकमेकांना आडनावानेच हाक मारायचे, आणि बाई निवृत्त झाल्या तरी ऑफिस काही निवृत्त झालेलं नाही.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आधी गावी काष्टीला, मग नगरला. तेव्हा परगावी फोन लावायचा म्हणजे आधी एक्स्चेंजला सांगायचं. तिथे कानाला हेडफोन लावून बसलेली बाई दोरीचं टोक समोरच्या भोकांपैकी एकात खुपसून तुमची जोडणी करून द्यायची.

"दोन्हीकडचं हॅलो ऐकायचं आन् बाजूला व्हायचं, असा नियम हुता," बाई सांगतात. "पन मानसाला कान हायेत ना जाधव! कुनाची सोयरीक का मोडली, कुनाचा पोरगा कुठं पळाला, समदं मला आधी कळायचं. पन एक शब्द भाईर गेला न्हाई. म्हनून सांगते, फोनच्या मधी कुनीतरी असतंच. तीस वर्षं ते कुनीतरी मीच हुते!"

मी उठून कुकरची शिट्टी नीट बसली आहे ना, ते पाहिलं.

नोकरीने बाईंना तीन प्रश्न दिले आणि ते अजून त्यांच्या तोंडात आहेत. कोण बोलतंय? कुठून बोलतंय? कुणाशी बोलायचंय? भंगारवाला असो, निवडणुकीचा उमेदवार असो, की सोसायटीची वर्गणी मागणारा असो, दार उघडायच्या आधी आतून हे तीन प्रश्न येतात. एकदा एक उमेदवार तिसऱ्या प्रश्नावर अडखळला आणि शेजारच्या दारी गेला.

दोन वर्षांपूर्वी बाईंच्या मुलाने, मिलिंदने, बंगळूरहून त्यांना नवा स्मार्टफोन पाठवला. मिलिंद तिकडे कुठल्याशा कंपनीत आहे. लग्न केलेलं नाही, नवव्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाईंनी खोका उघडला, फोन चालू केला आणि पडद्यावर आधीपासूनच ओळीने बसलेली ती रंगीत चित्रं पाहून मला भिंतीवर थाप मारून बोलावलं.

"ओ जाधव, ही कोन मानसं?"

"बाई, ही ॲप्स आहेत. फोनबरोबरच येतात."

"मी बोलावली?"

"नाही."

"मिलिंदनं बोलावली?"

"नाही, कंपनीच घालून देते."

"मग घर माझं, फोन माझा, आन् पाव्हनं कंपनीचं?"

त्या दिवशी बाईंनी शंभर पानी वही आणली आणि तिच्यावर 'बिनबोलावलेले' असं नाव टाकलं. एका पानावर एक ॲप. त्याला तीन प्रश्न विचारायचे, आणि उत्तर सेटिंगमध्ये शिरून आम्ही दोघांनी शोधायचं. खरं सांगतो, मला आधी कंटाळा आला होता, पण चौथ्या पानापासून माझीच उत्सुकता वाढायला लागली. माझ्याही फोनात हीच मंडळी बसली होती आणि मी त्यांना कधी नावसुद्धा विचारलं नव्हतं.

एकेक मजाच होती. बॅटरीचा उजेड पाडणाऱ्या ॲपला बाईंचा ठावठिकाणा हवा होता. "तुला उजेड पाडायचाय ना, मग पाड की! मी कुठं उभी हाय त्याच्याशी काय करायचंय?" पत्त्यांच्या खेळाला माइक हवा होता. हवामानवाल्याला बाईंच्या ओळखीच्या सगळ्यांचे नंबर पाहिजे होते. "पाऊस यायचा तर सगळ्या नातेवाइकांना कळवनार हाय का ह्यो?" त्यातले काही काढून टाकता आले. काहींच्या बाबतीत मात्र काढायची सोयच नव्हती, फार तर त्यांना झोपवता येत होतं. बाईंना हे फार लागलं. "भाडेकरूसुद्धा नोटीस दिली की जातो, जाधव," त्या म्हणाल्या आणि वहीत त्या पानावर लाल पेनाने 'झोपला आहे, गेला नाही' असं लिहिलं.

फोन आपलं बोलणं खरंच ऐकतो का, हे तपासायचं बाईंनी ठरवलं. युक्ती त्यांचीच. आपल्याला जन्मात लागणार नाही अशा वस्तूविषयी फोनसमोर बोलायचं आणि तिची जाहिरात येते का ते बघायचं. बाईंनी जहाज निवडलं. केडगावात आमच्या नळाला दिवसाआड पाणी, आणि आम्ही दोघं तीन दिवस सकाळी दहा ते अकरा मोठमोठ्याने जहाज घ्यायच्या गोष्टी करत होतो. रंग कोणता, डेक किती मोठा, लावायचं कुठे. माझी बायको सुनंदा भिंतीपलीकडून ऐकत होती. तिने तिसऱ्या दिवशी मला विचारलं, "डॉक्टरांची वेळ घेऊ का?"

चौथ्या दिवशी जाहिरात आली. गुडघेदुखीच्या तेलाची.

"बघा, ऐकत नाही तो," मी म्हणालो.

बाई हसल्या. "अहो, जहाजाच्या शिड्या चढायच्या कशा म्हनून मी तीन दिवसांत किती येळा गुडघ्याचं नाव काढलं, मोजलं का तुमी?" मी मोजलं नव्हतं. आजही मला नक्की सांगता येणार नाही की तो ऐकत होता की नव्हता.

या सगळ्यात एका पाव्हण्याला मात्र हात लावायची बंदी होती. घरातल्या माणसांना एकमेकांचा ठिकाणा दाखवणारं एक ॲप फोनमध्ये कंपनीनेच घातलेलं होतं, आणि मिलिंदने फोन पाठवायच्या आधीच ते आईला न विचारता चालू करून ठेवलं होतं. आई कुठे आहे ते त्याला बंगळुरात निळ्या ठिपक्याने दिसायचं. एकदा बाईंनी रागाच्या भरात असं काहीतरी बंद केलं की ठिपकाही गेला आणि फोन वाजायचाही थांबला. बाई दोन दिवस खूश होत्या. मिलिंदचा जीव टांगणीला लागला. मग त्याने माझ्या फोनवर फोन करून आईला बजावलं, "आई, हे पुन्हा बंद झालं तर मी येऊन तुला इकडे घेऊन जाईन. तिथे एकटीने राहायचं नाही मग."

बाईंचा चेहरा पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. "नवव्या मजल्यावर मी काय करू, जाधव? दार वाजवायला कोन येनार तिथं?" त्या म्हणाल्या. हे घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलेलं. ते सोडायचं नाही, म्हणून ठिपका राहू दिला. त्याच्या पानावर वहीत त्यांनी लिहिलं, 'घरचाच आहे, पण विचारून आलेला नाही.'

मागच्या महिन्यात मिलिंदचा मला फोन आला. आवाज दबलेला. "काका, आई रोज चार वाजता कुठे जाते?"

"मी त्या वेळी कॉलेजात असतो रे. का?"

"ठिपका रोज नगरच्या स्टँडवर जातो आणि तिथे गायब होतो. सहा वाजता पुन्हा तिथेच उगवतो आणि घरी येतो. दोन महिने झाले. ती कुठे जाते, कुणाला भेटते, दवाखान्यात जाते का, काही कळत नाही. विचारलं तर तिला कळेल की मी सारखा बघत असतो. काका, मी रविवारी येतोय. तिला घेऊनच जातो."

शनिवारी मी अर्धी रजा टाकली आणि स्टँडवर गेलो. पाटीवर अहिल्यानगर झालं असलं तरी कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडत होते. श्रीगोंद्याकडच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर बाई बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, हातात चहाचा कागदी कप. कुठेही जात नव्हत्या.

मला पाहून त्या दचकल्या, मग सरकून जागा दिली.

"बाई, इथे काय करताय?"

"ऐकते."

"काय?"

"मानसं." त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं. एक माणूस फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होता की मी केव्हाच निघालोय, आणि निवांत केळं सोलत होता. "तीस वर्षं कानात मानसं हुती, जाधव. रिटायर झाले आन् एकदम काईच न्हाई. घरात घड्याळ हाय, ते पन बॅटरीवरचं, टिकटिकसुद्धा करत न्हाई. हितं समदी मोठ्यानं बोलत्यात. चोरून ऐकावं लागत न्हाई. आन् मी ऐकलेलं कुनाला इकत न्हाई."

त्या ठिपका बंद करायच्या ते इथे पोचल्यावर. चालत्या रिक्षात चष्मा लावून बारीक बटण दाबायला जमायचं नाही, म्हणून बाकावर बसून सावकाश दाबायच्या. दोन तास ठिपका गेला तर मुलाच्या लक्षात येणार नाही असं त्यांना वाटायचं, आणि रोज स्टँडपर्यंतचा सगळा रस्ता त्याला दाखवून मग त्या लपत होत्या. हे मी त्यांना सांगितलं, आणि मिलिंद उद्या येतोय हेही सांगितलं.

बाईंनी चहाचा कप बाकावर ठेवला. मग त्यांनी पिशवीतून फोन काढला आणि नंबर लावला.

"मिलिंद, तू रोज बघत हुतास ना? मग हाक का न्हाई मारलीस रे?"

तिकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही.

"न्हाई रे, कुनाला भेटत न्हाई. नुसती बसते… न्हाई, दवाखाना न्हाई… आरं, एकटं बिकटं काई वाटत न्हाई मला."

त्या थांबल्या. समोर ड्रायव्हर एक गाडी मागे घेत होता, कंडक्टर शिट्टी मारत होता. ती आत लागेपर्यंत बाई तशाच फोन धरून बसल्या.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "रोज वाटतं. पन त्यासाठी माझं घर नगं काढू, बाळा. तिथं तू रात्री दहाला येनार आन् दिवसभर मी परत तशीच. तू ठिपका बघू नगंस. चार वाजता बोल माझ्याशी. पाच मिनिटं बोल."

बाईंना मी आजवर रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हाही त्या रडल्या नाहीत. रडलो मी, आणि रुमाल घरी विसरलो होतो.

मिलिंद रविवारी आला. दोन दिवस राहिला आणि एकटाच परत गेला. फ्लॅटचा विषय त्याने काढला नाही.

बाई अजूनही स्टँडवर जातात. परवा मी मुद्दाम पाहायला गेलो. बाकावर त्याच जागी बसून, फोन कानाला घट्ट लावून त्या हळू आवाजात सांगत होत्या, "काष्टीची गाडी लागली बघ. एका म्हातारीचं गाठोडं मावंना, कंडक्टर तिच्याशी भांडतोय… आता गाठोडं त्यानंच उचललं… हां, बसली, बसली."

चार वाजले होते. पलीकडे मिलिंद होता. तो ऐकत होता.