सुर्वेभाऊंची मोटरहोम

सुर्वेभाऊंना नवी वस्तू दाखवायची सोय नाही. मी नवा फ्रीज आणला तेव्हा त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "दुकानाबाहेर पडला की घसारा सुरू. काय समजलास?" माझ्या मेहुण्याच्या लग्नात व्हिडिओ कॉलवर आशीर्वाद देताना नवरदेवाबद्दलही ते हेच बोलणार होते. त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, चिमटा काढला, म्हणून वाचलो.

इथे बहारीनमध्ये, अरादला, ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे गुहागरचे, हिद्दला एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये फोरमन. आणि त्यांना मोटरहोम घ्यायची होती, म्हणजे चाकांवरचं अख्खं घर.

फक्त कधी घ्यायची, ते ठरत नव्हतं. थंडीत लोक वाळवंटात तंबू ठोकायला निघतात, तेव्हा डीलर भाव सोडत नाही. रमजानात ऑफर असते, पण जुन्या मॉडेलवर. उन्हाळ्यात भरपूर सूट, तर भाऊ म्हणत, "आता घेतली की चार महिन्यांत नवं मॉडेल येणार, आपली म्हातारी." नवं मॉडेल आलं की म्हणत, "वर्षभर वापरलेली घ्यावी. पहिला घसारा दुसऱ्यानं सोसलेला बरा."

दर शुक्रवारी शोरूममध्ये जाऊन ते स्टिअरिंगमागे बसून येत. सेल्समन त्यांना बघितल्यावर ब्रोशर न काढता चहाच मागवायचा.

"भाईसाब, इस बार पक्का?"

"इंशाल्ला," म्हणून भाऊ चहा संपवत.

आणि मग ऐन नोव्हेंबरात, भाव सगळ्यात चढे असताना, एक पांढरी मोटरहोम आमच्या गल्लीत येऊन उभी राहिली.

"सूट किती मिळाली?" मी विचारलं.

"मफी. काही नाही. मागितलीच नाही."

"आणि घसारा?"

भाऊ वाकून टायरवरची वाळू झटकू लागले. "ऑपरेशन झाल्यापासून तुझी काकू कुठे येत नाही, बघतोस ना? तिला घडीघडी जावं लागतं. लोकांकडे बाथरूम विचारायची लाज वाटते." आम्हाला वाटायचं, काकूंना गर्दी आवडत नाही. "परवा गॅलरीत उभी होती. म्हणाली, इथून समुद्र दिसत नाही, नाही का हो? पाच मिनिटांवर समुद्र आहे रे." मग हळूच म्हणाले, "हिच्यात बाथरूम आहे."

त्या शुक्रवारी त्यांनी मलाही नेलं. पाण्याच्या अगदी कडेला गाडी लावली. काकू दारातल्या पायरीवर पाय सोडून बसल्या, त्या ऊन उतरलं तरी उठल्या नाहीत.

"अजून थोडं थांबू या का?" त्यांनी विचारलं.

"थांबू की," भाऊ म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावर शाल टाकून शेजारी बसले.