टेस्ट ड्राइव्हच्या गाडीला हार

निर्णय घेणे ही मुळात एक काव्यात्म कृती आहे, आणि त्या कलेत सबंध अमरावती जिल्ह्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असे मी गेल्या दसऱ्याच्या आधीपर्यंत मानत होतो. राजापेठेतल्या एका शिकवणी वर्गात मी मराठी शिकवतो. खाली दुचाकींचे हॉर्न केकाटत असताना ज्याने आधुनिक कवितेतील मौनावर व्याख्यान दिले आहे, त्याला पेट्रोलची गाडी आणि विजेची गाडी यांतून एक निवडणे म्हणजे काय मोठेसे!

गाडी अर्थात माझी नव्हती. मी स्कूटरवर फिरतो. गाडी घ्यायची होती नत्थुजींना, आणि साधीसुधी नव्हे. छताला काच असलेली, आसने आतून थंडगार होणारी, घराएवढी गाडी! नत्थुजी म्हणजे भातकुलीचे मोठे फूलशेतकरी. त्यांची शेवंती अकोल्याच्या बाजारात जाते आणि त्यांची मुलगी दामिनी माझ्या मनातून जात नाही. तिचे आणि माझे जमले होते. जमायचे होते ते तिच्या वडिलांचे आणि माझे.

"मास्तर मानूस चांगला हाये," ते तिला म्हणाले होते, "पन त्याले काही ठरवता येते का? घरी आला तं पोहे घेऊ का चिवडा, याच्यातच त्याचा अर्धा घंटा जाते! त्याले म्हना, आधी माह्या गाडीचं ठरवून दे. पेट्रोलची घेऊ का लाइटवाली? मंग पाहू सोयरिकीचं."

"ऐकलं का?" दामिनीने फोनवर बजावले. "एक नाव सांगजो अन् गुमान बसजो. मधात कविता आनू नको!"

"दामिनी, पेट्रोल हे गाडल्या गेलेल्या अरण्यांचे रक्त आहे आणि वीज म्हणजे—"

"हेच! हेच नको बोलू बाबासमोर!"

माझा कौल विजेच्या बाजूने होता हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेलच. विरोधी पक्ष होता नत्थुजींचा पुतण्या योगेश. "लाइट गेली तं गाडीत कंदील लावता का, सर?" असे तो मला विचारी. शिवाय त्याचा एक सौंदर्यवादी आक्षेपही होता. "एवढी मोठी गाडी गावात आली अन् कोनाले आयकूच नाही आली, तं घेतली कायले, राजेहो?"

अखेर असे ठरले की अकोल्याच्या शोरूममधून दोन्ही गाड्या एका दिवसासाठी आणायच्या. एकाच कंपनीच्या, एकाच रूपाच्या, दोन्ही पांढऱ्या. भेद फक्त अंतःकरणाचा. विजेची मी चालवणार, पेट्रोलची योगेश. नत्थुजी पाहतील, बसतील, माझे मत ऐकतील आणि संध्याकाळी गाड्या परत जातील. किती स्वच्छ योजना! अल्पाक्षरी कवितेसारखी!

माझ्या शेजारी शोरूमचा कुंदन बसला. टाय घातलेला, सज्जन आणि भित्रा तरुण. गाडी सुरू झाली की नाही हे मला त्याला विचारावे लागले, इतकी ती अबोल! मूर्तिजापूर कधी आले आणि कधी गेले ते मलाही कळले नाही आणि मूर्तिजापूरलाही. बडनेऱ्यापर्यंत माझी खात्री पटली की ही गाडी नसून चार चाकांवरचे चिंतन आहे.

भातकुलीला पोचलो तेव्हा नत्थुजी फुले भरायला शेताच्या पार पलीकडच्या टोकाला गेले होते. घरी होत्या दामिनीच्या आई, रुख्मिणीकाकू. त्यांनी गाडी पाहिली, "अवं माय!" एवढेच म्हणाल्या आणि घरात शिरल्या. बाहेर आल्या त्या आरतीचे ताट घेऊन.

कुंदन धडपडत खाली उतरला. "काकू, काकू! ही डेमोची गाडी आहे!"

"असू दे बापू. दारात आलेली गाडी बिनाकुंकवाची ठेवू का मी? तू चहा घे."

वऱ्हाडात नव्या गाडीला हार घालतात. पण फूलशेतकऱ्याच्या घरी फूल ही वस्तू घालण्याची नसते, ओतण्याची असते! आधी झेंडूची माळ आली, मग शेवंतीची, मग दोन्ही मिळून गुंफलेली, मनगटाएवढी जाड. बॉनेट गेले, दिवे गेले, कंपनीचे बोधचिन्ह गेले. आरशांना गजरे चढले. पाहता पाहता गाडी एखाद्या थोर पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेसारखी दिसू लागली. काकूंनी स्वस्तिक काढले, ओघात माझ्याही कपाळाला टिळा लावला, आणि कोणाला तरी पेढे आणायला पिटाळले.

तेवढ्यात योगेश गर्जना करीत पेट्रोलची गाडी घेऊन आला. तो आवाज ऐकून निम्मे गाव धावले, आणि "एकीले घातला अन् दुसरीले नाही, बरं दिसते का?" म्हणून काकूंनी तिलाही फुलांत बुडवले. गावाने पेढे खाल्ले. पेढे खाल्लेल्या गावाचा एकच निष्कर्ष निघाला, आणि तो शेजारच्या पंजाबरावांनी जाहीर केला.

"दोन-दोन घेतल्या राजेहो! एक जायाले अन् एक याले का?"

नेमके त्याच क्षणी नत्थुजी आले. खुलासा करण्यासाठी त्यांनी तोंड उघडलेले मी स्वतः पाहिले. पण ज्या पंजाबरावांनी उभ्या जन्मात त्यांच्या शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची सुद्धा स्तुती केली नव्हती, तेच पंजाबराव आज त्यांच्या पाठीवर थाप मारत होते! नत्थुजींचे तोंड मिटले. मिशी किंचित हलली. ते हसले. हाय! त्या एका स्मिताने सगळा घात केला.

"आता लिंबू चिरडा!" काकूंनी चाकाखाली लिंबू ठेवले. "सर, बसा तुमी. मुहूर्ताची गाडी पुढं घ्या जराशी."

मी बसलो. पुढची काच म्हणजे केशरी संध्याकाळ झाली होती; दिसत काहीच नव्हते. पेडल दाबताच गाडी तसूभर सरली, खाडकन थांबली आणि आतून एक गंभीर स्त्रीस्वर उमटला, "सावधान! समोर अडथळा आहे."

"कोन बाई बोलून राहिली थे?" काकू चपापल्या.

पुन्हा पेडल. पुन्हा ब्रेक. "सावधान! समोर अडथळा आहे."

"गाडी नाही म्हनते!" पंजाबराव आनंदाने ओरडले. गर्दी कुजबुजली. नत्थुजींच्या चेहऱ्यावरचे स्मित ऊन लागलेल्या गजऱ्यासारखे सुकू लागले.

कुंदनने खिडकीत तोंड घातले. "सर, हारांनी कॅमेरा झाकला. गाडीला वाटतं समोर भिंत आहे. हार काढायला सांगा."

"पूजेचा हार काढाचा नसते!" काकूंनी निकाल दिला. "अपशकुन होते."

गर्दीच्या मागून दामिनी माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत स्पष्ट लिहिले होते की आता तरी काहीतरी ठरव. आणि मी ठरवले! "कुंदन, ती अडथळ्याची यंत्रणा बंद करा."

"सर, मग तिला आवरणारं कोणी नाही. ती फक्त तुमचं ऐकेल."

"माझे कोणीतरी ऐकावे, हीच माझी आजन्म इच्छा आहे," असे म्हणून मी राजापेठेतला सिग्नल सुटल्यावर स्कूटरच्या मुठीला देतो तसा जोर पेडलला दिला.

वाचकहो, पेट्रोलची गाडी आधी ओरडते आणि मग धावते. विजेची गाडी आधी धावते आणि मग तुम्ही ओरडता! लिंबू चिरडले गेले की नाही याची इतिहासात नोंद नाही. पंजाबराव उडी मारून बाजूला झाले, धुरा पार झाला, आणि विलक्षण शांततेत मी सकाळीच पाणी दिलेल्या शेवंतीच्या वाफ्यात जाऊन विसावलो. विसावलो आणि हळूहळू खाली जाऊ लागलो. ओली काळी माती कोणाला हाकलून देत नाही. ती पोटात घेते.

"माही शेवंती!" काकूंचा टाहो ऐकू आला.

"म्हनून म्हनत होतो, पेट्रोल पाहिजे!" असे म्हणत योगेशने दोर बांधला आणि आपली गाडी गर्जवली. तिची चाके जागच्या जागी फिरली, मागच्या सगळ्यांच्या सदऱ्यांवर चिखलाची नक्षी उमटली, आणि तीही गुडघाभर रुतून बसली. दोन्ही मोटारी हारांसकट चिखलात शेजारी शेजारी बसल्या होत्या, जेवणावरून रुसलेल्या वरबापांसारख्या.

शेवटी पंजाबरावांनी आपला जुना ट्रॅक्टर आणला. "पेट्रोल बी झालं, लाइट बी झाली," ते साखळी अडकवत म्हणाले, "आता डिझेल पाहा!" एकेक करून त्यांनी दोन्ही बाहेर काढल्या. मग हात पुसत त्यांनी विचारले, "नत्थुजी, या गाड्या आता धुवाले कुठं नेता?"

"अकोल्याला," कुंदन रडकुंडीला येऊन म्हणाला. "शोरूमच्या आहेत, काका! आज फक्त दाखवायला आणल्या होत्या. कोणी घेतलेल्या नाहीत!"

कोणाच्या तोंडात अर्धा पेढा होता, तो तसाच राहिला. पंजाबरावांचा चेहरा मात्र पाणी दिलेल्या वाफ्यासारखा टवटवीत झाला.

"घेतल्याच नाही? मंग पेढे कायचे वाटले राजेहो?"

नत्थुजींनी गाड्यांकडे पाहिले. शेवंतीकडे पाहिले. मग नखशिखांत चिखलाने माखलेल्या, कपाळावर टिळा असलेल्या माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे त्यांनी इतका वेळ यापूर्वी कधीच पाहिले नव्हते.

"पेढे?" ते कडाडले. "पेढे दामिनीच्या सोयरिकीचे! हे काय जावाई! दिसत नाही का, टिळा लावला थो?"

गावाने मला न्याहाळले. अर्धे पेढे गिळले गेले. काकूंनी, शेवंती विसरून, डोळ्यांना पदर लावला. दामिनी जवळ आली आणि ओठ न हलवता म्हणाली, "दात लपव. लोक पाहून राहिले."

ज्या प्रेमासाठी मी रात्ररात्र शब्द जुळवले, ते अशा रीतीने सुफळ झाले. भातकुलीच्या लोकांसमोर गाडी नसण्यापेक्षा मी असणे बरे, एवढाच माझा गुण ठरला. असो!

गाड्या गेल्या. हातपाय धुऊन मी ओट्यावर चहा घेत बसलो. नत्थुजी खुर्ची ओढून पंजाबरावांजवळ सरकले.

"तुमाले काय वाटते पंजाबराव? पेट्रोल का लाइट?"

माझ्याजवळ आता अनुभवाने तावून सुलाखून निघालेले उत्तर होते. मी घसा खाकरला. "माझ्या मते—"

"तुमी चहा घ्या, जावाईबापू," नत्थुजी मागे न पाहता म्हणाले. "घरच्या मानसाले कोनी इचारते का?"

मी चहा घेतला.