उचल न झालेला मामा

यंदा गुढीपाडव्यापासून आमच्या जिल्ह्यात मामा रेशनवर मिळायला लागले. एका कार्डाला एक मामा, बारा दिवसांसाठी. अंगठा लावायचा, मामा वजन करून घ्यायचा, पावती जपून ठेवायची.

कारण साधं होतं. वसंतात माणसाच्या घरातून पैसा कसा जातो ते सरकारने बसून पाहिलं. वर्षाचे गहू, वर्षाचं तिखट, तीन लग्नांचे आहेर, दिवसभर फिरणारे पंखे, आणि त्यातच पोरांना सुट्टी. पोरं म्हणतात समुद्र दाखवा. बाप पतपेढीत जातो, मग समुद्रावर जातो, आणि परत आल्यावर तीन वर्षं पोरांना दुसरं काहीच दाखवू शकत नाही. पूर्वी ही भानगड नव्हती. मामाकडे जायचं, आमरस चापायचा, बारा दिवस घरची चूल बंद. गॅस वाचला, दूध वाचलं, वर पोरांच्या अंगावर नवे कपडे. पण हल्ली कुणाला मामाच नाही, कुणाचा मामा दीड खोलीत राहतो, कुणाची मामी बोलत नाही. तेव्हा मामा सरकारी दुकानातून द्यावा असं ठरलं. मला ते पटलं. मी सातवी नापास आहे, पण पटण्यासारखी गोष्ट असली की मला लगेच पटते.

मी हैबती लोंढे, वय बहात्तर, राहणार निमसांगवी. दोन खोल्यांचं घर, मागे विहीर, पुढे खोबऱ्या आंबा. गावातल्या निम्म्या लोकांच्या चपला मी कधी ना कधी झाडावर टांगलेल्या आहेत, उरलेल्या निम्म्यांच्या टांगायच्या आहेत. बायको गेली. मागे एक बहीण आहे, द्रुपदा. ती कासारपेठेला मुलाकडे असते, दोन एस.टी. बदलून चार तास. सहा वर्षं झाली, द्रुपदा माझ्याकडे आलेली नाही. सात माणसांचं तिकीट व्हायचं. दर वर्षी ती दुपारचा चहा सोडून, एकाच तेलात दोनदा तळून भाड्याचे पैसे साठवायची, आणि दर वर्षी चैत्र लागला की मिक्सर तरी जळायचा नाहीतर नातवाचा चष्मा तरी फुटायचा. "पुढच्या वर्षी नक्की रे दादा," असा तिचा फोन यायचा. मी म्हणायचो, "ये सावकाश, मी काय कुठं पळतोय?" आणि खाटेखाली गवतात घातलेली आंब्याची अढी एकटाच संपवत बसायचो. संपायची नाहीच. निम्मी नासायची.

रेशनच्या मामाबरोबर त्याच्या गावाला जायची एस.टी. फुकट होती. तेव्हा मी मामा म्हणून नाव नोंदवायचं ठरवलं.

आता यात माझी थोडी हुशारी होती, ती सांगतो. पाच युनिटांपर्यंतच्या, म्हणजे पाच माणसांपर्यंतच्या कार्डाला कसलाही मामा चालतो. त्याच्या वरच्या कार्डाला पंचावन्न किलोच्या खालचा देत नाहीत, कारण तितकी पोरं त्याच्या खांद्यावर बसायची असतात. कासारपेठेच्या दुकानात पाचाच्या वरचं कार्ड एकच होतं, आमच्या द्रुपीचं, सात युनिटांचं. म्हणजे कासारपेठेच्या ट्रकमध्ये जो वजनदार मामा चढेल तो तिचाच. मी भरतो एक्कावन्न. जिल्ह्याच्या गोदामात काट्यावर चढायच्या आधी मी तिथलीच दोन-दोन किलोची दोन वजनं लेंग्याच्या खिशात घातली. पंचावन्न भरलो. कारकुनाने दंडावर शिक्का मारला आणि मी मागितला तोच, कासारपेठेचा ट्रक दिला. मी अर्जावर अंगठा उठवला आणि वजनं गुपचूप जागच्या जागी ठेवून दिली. चेष्टा करावी, पण हमालाच्या पगारातून करू नये.

कासारपेठेच्या दुकानात आम्हाला भिंतीशी ओळीने बसवलं होतं. सकाळी नऊला रांग आली. रांगेत द्रुपदा होती, हातात कापडी पिशवी. तिने मला पाहिलं आणि रांग सोडून पुढे आली.

"दादा? तू इथं कसा?"

"मालात आलोय."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठीच. अंगठा लाव आणि घेऊन चल. अढी लावून आलोय, चार दिवसांत पिकेल."

ती हसली. सहा वर्षांत फोनवर तिचं हसू पुरतं ऐकू आलं नव्हतं, ते तिथे ऐकू आलं. "आणि हा दंडावर शिक्का कसला?"

"पुरवठा खात्याचा. घासला तरी जात नाही."

तिने पिशवी उघडून दाखवली. कुरडया होत्या. "तुझ्यासाठी केल्यात. इथूनच एस.टी.च्या पार्सलात टाकणार होते. चीक शिजवताना तुझी आठवण काढली. आई पातेलं उतरवायच्या आत तू पळी पळवायचास."

"तू आईला नाव सांगायचीस."

"मग? मला एक घास तरी ठेवायचास का?"

दुकानदार भोकरे यंत्र घेऊन बसला होता. त्याने तिचा अंगठा लावून घेतला, पडद्यावर वाचलं आणि मान हलवली.

"आजी, हे तुमचे सख्खे भाऊ का?"

"सख्खे म्हणजे? एका आईचे."

"मग नाही देता येत. ज्याला आधीच मामा आहे त्याला तोच मामा सरकारातून दिला तर दुहेरी लाभ होतो."

"अहो, पण सहा वर्षं मला तो एकेरीसुद्धा मिळाला नाही!"

"तो तुमचा घरचा प्रश्न झाला."

मी ही वेळ ओळखून होतो. अर्जाची घडी खिशातच होती. मी नववं कलम वाचून दाखवलं, अडखळत, पण सगळं. 'नोंदणीच्या दिनांकापासून मामाची पूर्वीची भावंडे व भाचे रद्द समजण्यात येतील.'

"म्हणजे मी हिचा कुणीच नाही," मी म्हणालो. "कुणी नाही म्हटल्यावर दुहेरी लाभ कसा होईल, भोकरेशेठ?"

भोकरे विचारात पडला. त्याने पुरवठा निरीक्षक खरमाटे मॅडमना आतून बोलावलं. मॅडमनी नववं कलम दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. नातं राहिलेलं नाही, तेव्हा वितरण करता येईल. फक्त बाईंनी तसं लिहून द्यावं."

मी द्रुपीकडे पाहून डोळा मारला. रक्त एकच आहे, तिला सांगावं लागलं नाही. तिने पदर सारखा केला आणि माझ्याकडे नखशिखांत पाहिलं.

"कोण हो हे म्हातारे? मी नाही ओळखत. तोंडावरून तर चप्पलचोर दिसतात."

"बाई, नीट बोला," मी म्हणालो. "मी सरकारी माल आहे."

ती इतकी हसत होती की तिचं अक्षर तिरकं आलं. 'सदर इसम माझा कोणीही नाही. द्रुपदा सोपान कदम.' मॅडमनी कागदावर शिक्का मारला. भोकऱ्याने मला काट्यावर चढायला सांगितलं.

एक्कावन्न.

"नोंद पंचावन्नची आहे," मॅडम म्हणाल्या. "रस्त्यात चार किलो मामा कुठे गेला?"

"उन्हाने आटलो असेन."

"ट्रकला ताडपत्री होती."

"उद्या लोक म्हणतील चार किलो मामा भोकऱ्याने खाल्ला," भोकरे म्हणाला. तो काटा पुन्हा पुन्हा शून्यावर आणून पाहत होता. मला त्याची कीव आली. शिवाय खरं सांगितलं की सुटेल असं वाटलं. मी वजनांची गोष्ट सांगून टाकली.

मॅडमनी ती शांतपणे ऐकून घेतली. राग नाही, काही नाही. म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगितलं नाहीत असं मी धरते. कारण सांगितलंत, तर नोंदणी खोटी ठरते. नोंदणी खोटी ठरली की नववं कलम लागत नाही, तुम्ही पुन्हा यांचे सख्खे भाऊ होता, आणि सख्ख्याला देता येत नाही. नाही सांगितलंत, तर तुम्ही चार किलो कमी आहात, आणि सात युनिटांना कमी मामा देता येत नाही."

"मग नोंदणीच रद्द करा. मी घरी जातो. नुसता भाऊ म्हणून."

"रद्द करायला बहिणीची संमती लागते."

"ही उभी आहे की. देते ती. दे गं."

"देते, देते," द्रुपदा म्हणाली. "कुठं सही करू?"

"तुम्हाला नाही देता येणार," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही यांच्या कुणी नाही. आत्ताच लिहून दिलंत."

द्रुपदा अजून थोडी हसतच होती. ते हसू तोंडावरून जायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "फाडा तो कागद, बाई. मी चेष्टेत लिहिलाय."

"चेष्टेचा रकाना नाही आमच्याकडे," मॅडम म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. मी नमुना पाहिला. खरंच नव्हता.

प्रत्येक ट्रकमध्ये एक मामा फुटतुटीसाठी जादा असतो. आमच्या ट्रकमध्ये किरण दुधभाते नावाचा होता, वय एकोणतीस, डोळ्यांवर काळा चष्मा, अठ्ठावन्न किलो. म्हणजे द्रुपदाच्या मुलापेक्षाही पंधरा वर्षांनी लहान. त्याला काट्यावर चढवलं, उतरवलं, आणि पावती फाडली. योजनेत कार्डावरच्या सर्वांत वडील बाईचा तो भाऊ आणि बाकी सगळ्यांचा मामा. किरण वाकून तिच्या पाया पडला. पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं.

"ताई," तो म्हणाला, "पण मला घर नाही. मी खोलीवर राहतो, तिघांत."

"त्याची सोय आहे," भोकरे पावती बघत म्हणाला. "ज्या मामाची उचल झाली नाही त्याचं घर वाटपात येतं. हे घ्या. मुक्काम निमसांगवी, घर नंबर चौऱ्याऐंशी. विहीर आहे. आंबा आहे."

द्रुपदाने माझ्याकडे पाहिलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"दाराची कडी वर उचलून ओढायची," मी म्हणालो. "नाहीतर अडकते. अढी खाटेखाली आहे. रोज पालटा. डाग पडलेला आंबा लगेच बाहेर काढा."

"दादा—"

"रहाट करकरतो, तेल घाला."

तिने पिशवीतून कुरडया काढून माझ्यापुढे धरल्या. भोकरे मध्ये आला. त्याची चूक नाही. उचल न झालेल्या मालाला बाहेरून काही देता येत नाही, वजनात फरक पडतो. ती कुरडया धरून तशीच उभी राहिली. मग किरण पुढे झाला आणि तिच्या हातून पिशवी घेत म्हणाला, "द्या ताई, मी धरतो. ऊन फार आहे." ते दोघं गेले. रांग पुढे सरकली.

आता मी जिल्ह्याच्या गोदामात आहे. आम्ही एकतीस जण उरलोय. लाकडी फळ्यांवर ओळीने बसवलेत, एकमेकांवर नाही, म्हणजे हवा खेळती राहते. एका बाजूला तांदूळ, एका बाजूला साखर, मध्ये मामा. मी पहिल्या आठवड्यात सगळ्यांच्या चपला अदलाबदल करून पाहिल्या. कुणी शोधल्या नाहीत. इथे कुणाला कुठे जायचंच नाही, तर चपला कोण शोधणार? मग मीच त्या ज्याच्या त्याला परत लावून दिल्या.

दर सोमवारी वजन होतं. मी एकोणपन्नासवर आलोय. मॅडमनी विचारलं, उंदरांमुळे की सुकण्यामुळे? मी म्हणालो, सुकणं लिहा.

परवा एक हमाल निमसांगवीच्या बाजूने माल घेऊन आला. तो म्हणाला, "लोंढे कोण? चौऱ्याऐंशी नंबरातल्या बाईंचा निरोप आहे."

"मीच. काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, अढी रोज पालटली. रहाटाला तेल घातलं. आंबे गोड निघाले, एकही नासला नाही. सात माणसं आणि एक मामा, पुरले बरोबर."

"कुरडया?"

"तळल्या की. त्यांच्या भावानं चार खाल्ल्या."

मी मान हलवली. हमालाने कमरेचा टॉवेल सोडून तोंड पुसलं. त्याच्या टॉवेलाला आंब्याचा वास येत होता. माझ्या खोबऱ्या आंब्याचाच. तो वास मला डोळे मिटून ओळखता येतो. वासाला वजन नसतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही.

"आणखी एक आहे," हमाल म्हणाला. "बाईंचा मुलगा विचारत होता, पुढच्या वर्षीही हाच मामा मागता येईल का? पोरांना लळा लागलाय म्हणे. एवढ्या स्वस्तात सुट्टी कधीच झाली नव्हती."

"आणि बाई?"

"बाई आंबे पुसत होत्या. पुसलेलेच पुन्हा पुसत होत्या."

मी कलमं मनातल्या मनात एकदा वाचून पाहिली. आता मला ती पाठ झाली आहेत.

"सांग त्यांना," मी म्हणालो, "नियमात बसतं."