तीनदा नको

इराणमधल्या काशानच्या एका बालवाडीत फरंगीसची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की नाही, हे तपासणीला आलेल्या सदूकीबाई आज ठरवणार होत्या. पाठ होता फळं-भाज्यांची ओळख : हात लावा, वास घ्या, ऐका, चाखा.

सुरुवात झकास झाली. काकडी मोडताना झालेला कट्ट आवाज मुलांनी डोळे मिटून ओळखला. पुदिन्याच्या वासाला एकीने ‘आजीचं स्वयंपाकघर’ म्हटलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, तेही हसऱ्या चेहऱ्याने. मग फरंगीसने हिरव्या, आंबट आलुबुखारांचं ताट आणलं. मोसमातली पहिलीच होती, शेजारी वाटीत मीठ.

“घ्या, चाखून सांगा,” ती म्हणाली.

ताट अठरा मुलांसमोरून फिरलं आणि एकोणीसच्या एकोणीस आलुबुखारं घेऊन परत आलं. “तुमचे हात दुखू नयेत, मावशी, पण नको,” प्रत्येकाने छातीवर हात ठेवून, रीतसर आभार मानत सांगितलं होतं.

ही फरंगीसचीच करणी होती. नवरोजच्या, म्हणजे नववर्षाच्या, मेळाव्यात याच मुलांनी पाहुण्यांच्या फळांवर धाड घातली होती. मुख्याध्यापिकांनी तिची हजेरी घेतली, तेव्हापासून महिनाभर ती रोज घोकून घेत होती की कोणी काही दिलं तर आधी तीनदा नको म्हणायचं, मगच घ्यायचं.

“आज तसं नाही रे, खरंच घ्या,” ती अजिजीने म्हणाली. पण खरंच घ्या असं तर प्रत्येक यजमान म्हणतो, हेही तिनेच शिकवलेलं. ताट पुन्हा फिरून आलं, तसंच भरलेलं.

“मुलांची पोटं बिघडलीत का?” बाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लिहायला घेतलं. फरंगीसने पहिल्या रांगेतल्या बर्दियाला खाली वाकून हळूच म्हटलं, “बाळा, माझ्यासाठी एक खा ना.”

“दोनदाच झालंय, मावशी,” बर्दिया तिच्याइतक्याच हळू आवाजात म्हणाला. “अजून एकदा विचारा.”

तिने मुकाट्याने तिसरी फेरी मारली, अठरा नकार गोळा केले आणि चौथ्यांदा ताट पुढे केलं. मग काय विचारता. करकर आवाज, आंबट तोंडं, मिठाने भरलेली बोटं, आणि चवीबद्दल अठरा जणांची अठरा मतं एकदम. फरंगीसचा जीव भांड्यात पडला.

ताटात आता एकच आलुबुखार उरलं होतं, सदूकीबाईंच्या वाटणीचं. ते घेऊन बर्दिया त्यांच्याकडे निघाला. बाईंची नजर मघापासून ताटाबरोबर फिरत होती, हे फरंगीसच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

“घ्या, बाई,” बर्दिया म्हणाला.

“नको रे बाळा, तुम्ही खा,” बाई रीतीप्रमाणे म्हणाल्या आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बरं,” बर्दिया म्हणाला. त्याने आलुबुखार मिठात घोळवलं आणि त्यांच्यासमोर उभं राहून शांतपणे खाल्लं.

फरंगीसने कपाळाला हात लावला. महिनाभर तिने मुलांना नको म्हणायला शिकवलं होतं. आपण देताना पुन्हापुन्हा आग्रह करायचा असतो, हा धडा पुढच्या महिन्यात घ्यायचा होता. बाईंनी आवंढा गिळला, बर्दियाच्या हातातल्या बीकडे एकदा पाहिलं आणि बराच वेळ वहीत लिहीत राहिल्या.

त्या गेल्यावर मुख्याध्यापिकांनी शेरा मोठ्याने वाचला. “पाठ उत्तम. शिक्षिकेस कायम करावे. मात्र मुलांना आग्रह करण्याचे शिक्षण तातडीने द्यावे. त्याच्या तपासणीसाठी शनिवारी पुन्हा येईन.”

त्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती : “मीठ थोडे जास्त ठेवावे.”