मैनेची उंची, दशमानात

घोडा किती उंच आहे, हे घोड्यावर अवलंबून नसतं. मोजणाऱ्या समितीवर असतं. हे सत्य जगाला ठाऊक होतंच, पण ते अमलात आणण्याचा मान मध्य भारत राज्याच्या अखेरच्या वर्षी इंदूरच्या एका सरकारी पागेला मिळाला.

तोवर तिथे घोडे मुठीने मोजत. एक मूठ म्हणजे चार इंच. जमिनीपासून खांद्यावरच्या उंचवट्यापर्यंत चौदा मुठी भरल्या की घोडा नोकरीत, नाहीतर लिलावात. मग दिल्लीहून दशमानाची वार्ता आली, आणि समितीचे अध्यक्ष चिंतामणराव यांनी कायदा होण्याआधीच अंमल सुरू केला (उत्साहाला मंजुरी लागत नाही). एक मूठ म्हणजे दहा सेंटिमीटर आणि वर किंचित. ते किंचित सरकारने का सोडावं? म्हणून पुरते अकरा धरले. चौदा मुठींचे एकशे चोपन्न झाले, आणि एका दुपारी पागेतले शंभर टक्के घोडे बुटके ठरले. घोड्यांना तसं कळवण्यात आलं नाही.

दफेदार जयसिंगरावांचा मात्र जीव टांगणीला लागला. मैना घोडी संस्थानी दरबारच्या काळापासून त्यांच्या हाताखाली. लिलाव म्हणजे उतारवयात देपालपूरच्या रस्त्यावर टांगा ओढणं.

"साहेब, आकडा तेवढा दुरुस्त करा ना."

"दफेदारजी, आकडा तो छप गया," चिंतामणराव शांतपणे म्हणाले. "आता घोड्याचंच काही होतं का बघू."

आणि झालं. आकडा तोच ठेवून, मोजायचं कानाच्या टोकापर्यंत असं ठरलं. मान वर, कान ताठ. चण्याची बादली वाजली की घोडे कान टवकारत आणि पास होत. मैनेचे दात पडले होते, त्यामुळे चण्यांत तिला रस नव्हता. ती मान टाकून उभी राहिली.

"मंत्रीजी आ रिये हैं," कारकून दिवाकरने ओरडून पाहिलं. मैना ढिम्म (तिने मंत्री बरेच पाहिले होते).

"घोडी तो सो री है, भिया," दिवाकर म्हणाला. "लिहू का नापास?"

जयसिंगरावांनी पगडी सारखी केली, छाती भरून घेतली आणि दरबार गेल्यापासून तोंडात न आलेली, महाराज आल्याची ललकारी दिली, "बाअदब, बामुलाहिजा, होशियार..."

मैनेची मान झटक्यात वर गेली, कान भाल्यासारखे उभे राहिले. पण मोजपट्टी धरायला कोणी उरलं नव्हतं. प्रजासत्ताकाच्या सातव्या वर्षी अख्खी समिती कमरेत वाकून मुजरा करत होती. चिंतामणराव हुद्द्यानुसार सगळ्यांत जास्त वाकले होते.

शेवटी पट्टी जयसिंगरावांनीच लावली. मैना पास झाली. समितीची उंचीही त्यांनी नजरेने मोजून घेतली, पण सांगितली कोणाला नाही.

वाचकहो, हसा खुशाल. फक्त आत्ता मागून कोणी "साहेब आले" म्हटलं, तर हे पुस्तक मिटताना कमरेत किती वाकलात, तेवढं मोजून ठेवा. सेंटिमीटरमध्ये चालेल.