चोवीस तारखेचा तक्ता

माणसाला कुटुंब असतं, आणि ज्याला नसतं त्याला ड्यूटी असते. पोलंडमधल्या विस्तुला नदीकाठच्या आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाचा हा पाया आहे. (दुसरा पाया सिमेंटचा होता, तो खचलाय.)

नाताळच्या आदल्या संध्याकाळी पंपघरात एक माणूस लागतोच. पूर्वी चिठ्ठ्या टाकायचो. एकदा खुद्द वाल्देमारसाहेबांचं नाव निघालं आणि ही पद्धत अन्यायाची असल्याचं सर्वांच्या एकदम लक्षात आलं. मग सुट्टी समिती नेमली. मी तिचा चिटणीस. आम्ही अगदी शास्त्रशुद्ध गुण ठरवले: नवरा किंवा बायको तीन, चौदा वर्षांखालचं मूल पाच, सासू चार (यातना धरून). ज्याचे गुण कमी, त्याला पंपघर. गेली अकरा वर्षं संपूर्ण निःपक्षपातीपणे लुदविकाच निघते. गुण शून्य.

तसं आमचं ऑफिस म्हणजे एक कुटुंबच हो! नाताळाआधी साहेब चर्चमधली पातळ पापडी एकेकाबरोबर मोडून शुभेच्छा देतात. लुदविकाला सगळे एकच देतात: "यंदा तरी नवरा मिळू दे गं बाई!" ती हसते. एकोणीस वर्षं ती बोझेना नावाच्या बाईबरोबर संसार करते, हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून कोणी विचारत नाही. याला आम्ही सुसंस्कृतपणा म्हणतो.

यंदा लुदविकाने प्रथमच सुट्टीचा अर्ज केला. बोझेनाला कॅन्सर, डॉक्टर म्हणाले, हा शेवटचा नाताळ. 'नातं' या रकान्यात तिने लिहिलं, 'माझं माणूस'.

समिती लुदविकाला समोर बोलावून दोन तास बसली.

"असं नातं यादीत नाही," ग्राझिनाबाई म्हणाल्या. "मैत्रीण लिही. शून्यच मिळेल, पण अर्ज कसा नीट भरलेला हवा."

"नाताळची शेवटची संध्याकाळ आहे बाई, तिच्या उशाशी बसायचंय मला."

"अगं, तुझं काय, घरी कोण खोळंबलंय? माझी तीन पोरं जीव खातील माझा!"

"कोण खोळंबलंय तेच सांगतेय ना मघापासून!" लुदविका ओरडली. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. चर्चा खेळीमेळीत झाली, असं मी इतिवृत्तात लिहिलं.

चोवीसच्या संध्याकाळी मी बारा पदार्थांसमोर बसलो. रिवाजाप्रमाणे अनोळखी पाहुण्यासाठी एक रिकामं ताट मांडलं होतं. नळाला पाणी धो धो होतं. लुदविका पंपघरात रात्रभर फोन कानाला लावून बसली होती म्हणे.

तीन जानेवारीला बोझेना गेली. (मैत्रिणीसाठी शोकरजा: शून्य दिवस.) समितीने दोन मिनिटं शांतता पाळली आणि बसल्या बैठकीला पुढच्या डिसेंबरचा तक्ताही करून टाकला, कारण आता तर लुदविकाला घरी खरोखरच कोणी नाही.

लाज वाटते का मला? वाटते. पण सुट्टीही हवी असते. आणि तुम्ही एवढी मान हलवू नका. मागच्या सणाला तुम्ही घरी गोडधोड खात होतात, तेव्हा तुमच्या जागी कामावर कोण बसलं होतं? नाव सांगा पाहू.